नव्या वसाहतीत जुनी झाडे कशी राखावीत आणि आडोसा कसा उभारावा

बांधकाम संपते, लोक राहायला येतात आणि तीन-चार वर्षांनी आवारातले मुद्दाम राखलेले मोठे झाड शेंड्याकडून वाळू लागते. कोणी कीड लागली म्हणते, कोणी पाणी कमी पडले म्हणते. खरे कारण बहुतेक वेळा कामाच्या पहिल्या काही आठवड्यांतच घडून गेलेले असते. मुळांवरून डम्पर गेले, बुंध्याशी दीड फूट भराव पडला किंवा पाण्याच्या लाइनचा चर झाडाला खेटून नेला. मोठे झाड साठवलेल्या अन्नावर काही वर्षे तग धरते, त्यामुळे तोपर्यंत कंत्राटदारही गेलेला असतो आणि कोणाला काही आठवतही नसते.

त्याच वसाहतीत दुसरी तक्रार पहिल्याच दिवशी सुरू होते: समोरच्या खिडकीतून आमचे अंगण दिसते. मग घाईघाईने कुंपणालगत रोपांची रांग लावली जाते. दहा मीटर उंचीचे जुने झाड आज जो आडोसा देते, तो नर्सरीतल्या रोपाकडून मिळायला दहा-पंधरा वर्षे जातात. म्हणून झाडे राखणे आणि आडोसा उभारणे ही दोन्ही कामे एकाच नकाशावर आणि घरांच्या जागा पक्क्या होण्याआधी आखायची असतात. पुढचा क्रम तसाच लावला आहे.

१. आधी झाडे मोजा, मग ले-आउट करा

प्रत्येक झाडाला क्रमांकाची पत्री लावा आणि वहीत एक ओळ द्या. त्या ओळीत जात, जमिनीपासून दीड मीटरवर खोडाचा घेर, अंदाजे उंची, सर्वात खालच्या फांदीची उंची आणि बुंध्याशी जमिनीची पातळी हवी. पर्णसंभार चारही दिशांना वेगवेगळा मोजा. नकाशावर हिरवे वर्तुळ काढायला काही लागत नाही, पण खरे झाड गोल नसते. एका अंगाला सहा मीटर आणि दुसऱ्या अंगाला अडीच, असेही असते. नेमक्या त्या सहा मीटरच्या बाजूला इमारत आली की पहिल्याच परांचीला फांद्या तोडाव्या लागतात.

प्रकृती तपासताना वर पाहण्याआधी खाली पाहा. बुंध्याशी अळंबीसारखी कडक बुरशी, एका बाजूने उचललेली किंवा भेगाळलेली जमीन, ढोली आणि लाकडी हातोडीने ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज ही धोक्याची चिन्हे आहेत. दोन जाड फांद्या अगदी अरुंद कोनात फुटल्या असतील आणि मधली साल आत दाबली गेली असेल, तर तो सांधा वादळात फाटतो. यापैकी काही दिसले तर वृक्षतज्ज्ञाला बोलवा. ढोली आहे एवढ्यावरून झाड काढायचे नसते आणि हिरवेगार आहे एवढ्यावरून राखायचेही नसते.

मग प्रत्येक झाडापुढे चारपैकी एक शेरा मारा: राखायचेच, शक्य तर राखायचे, अडचण नसेल तर राहू द्यायचे, काढायचे. याच तक्त्यात आणखी एक रकाना घाला: ‘हे झाड काय झाकते?’ रस्ता, शेजारची गच्ची, पाण्याची टाकी, जे असेल ते लिहा. तक्ते बहुतेक ठिकाणी भरले जातात, हा रकाना सहसा नसतो. साधे, वाकडे, नजरेतही न भरणारे झाड कधी कधी दोन घरांमधल्या नेमक्या दृष्टिरेषेत उभे असते. तेव्हा त्याचा शेरा बदलतो.

तोडणे, छाटणे किंवा दुसरीकडे हलवणे यासाठी बऱ्याच ठिकाणी स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते. अर्ज ले-आउटबरोबरच करा आणि पक्ष्यांच्या विणीचा काळ टाळून कामाची तारीख धरा.

२. मुळांचे वर्तुळ काढा

झाडाखाली मुळांचे उलटे झाड असते, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात मुळे खोल जाण्यापेक्षा पसरतात. बहुतेक मुळे वरच्या ६० सेंटीमीटरमध्ये असतात आणि पाणी व अन्न घेणारी तंतुमुळे तर वरच्या १५ ते ३० सेंटीमीटरमध्येच. पसारा फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातो. त्यामुळे ‘फांद्यांच्या सावलीएवढी जागा सोडली’ हा हिशेब पुरत नाही. उभट, निमुळत्या झाडांच्या बाबतीत तर तो सपशेल चुकतो.

चालणारा हिशेब असा: खोडाच्या घेराला ३.१४ ने भागा म्हणजे त्याचा व्यास मिळतो. व्यासाच्या बारा पट अंतर ही संरक्षित वर्तुळाची त्रिज्या. ब्रिटनच्या बीएस ५८३७ या मानकात हेच सूत्र आहे आणि त्रिज्येची कमाल मर्यादा १५ मीटर धरली आहे.

उदाहरणार्थ, घेर १८८ सेंटीमीटर असेल तर व्यास ६० सेंटीमीटर आणि त्रिज्या ७.२ मीटर. म्हणजे एका झाडासाठी सुमारे १६३ चौरस मीटर जमीन. आकडा ऐकून अनेकांचा चेहरा उतरतो, पण हे आधीच कळलेले बरे. अशी पाच झाडे असतील तर पाचही खरोखर राखता येतील का, ते याच टप्प्यावर ठरवा. दोन झाडांना पुरती जमीन देणे, पाचांना अर्धवट देण्यापेक्षा शहाणपणाचे.

एका बाजूला जुना पक्का रस्ता किंवा खोल पाया असेल तर तिकडे मुळे फारशी गेलेली नसतात, दुसरीकडे सरकलेली असतात. तेव्हा वर्तुळाचा आकार बदला, क्षेत्रफळ मात्र तेवढेच ठेवा. आणि पर्णसंभाराच्या कडेपासून भिंतीपर्यंत परांचीसाठी किमान दोन मीटर मोकळे सोडा. खिडकीला चिकटून राखलेले झाड फार काळ राखले जात नाही. अंधार होतो म्हणून राहणारेच ते छाटायला लावतात.

३. पहिले यंत्र येण्याआधी कुंपण

सपाटीकरण करणारा जेसीबी येण्याच्या आदल्या दिवशी कुंपण उभे असले पाहिजे. पिवळी फीत उपयोगाची नाही, ती पहिल्या आठवड्यात तुटते. दोन मीटर उंचीची वेल्डमेश जाळी, दर तीन मीटरला किंवा त्याहून जवळ जमिनीत ठोकलेला पाइप आणि आतल्या बाजूने तिरकस टेकू एवढे लागते. पाइप ठोकताना मूळ लागले तर जोर न करता वीतभर सरकवा. काँक्रीट ओतून खांब बसवू नका. जाळीवर मोठ्या अक्षरांत ‘आत माल, माती, वाहन नको’ असा फलक लावा. तो फलक मुकादमापेक्षा ट्रॅक्टरचालकाला वाचता आला पाहिजे, म्हणून त्याच्या भाषेत लिहा.

कुंपणाच्या आत काहीच नको. माल कालवणे नको, मजुरांची शेड नको, खडीचा ढीग नको, डिझेलचे पिंप नको, शेकोटी नको, झाडाला खिळा ठोकून बल्ब लटकवणे नको. त्यातही मिक्सर आणि घमेली धुतलेले पाणी सर्वात वाईट. सिमेंटच्या पाण्याचा सामू १२ च्या वर जातो, तंतुमुळे भाजतात आणि माती पुढे अनेक महिने अल्कधर्मी राहते. माल कालवायची जागा झाडांच्या उताराकडच्या बाजूला ठरवून द्या, म्हणजे ओघळ मुळांकडे येणार नाही.

‘एकदाच तर गाडी न्यायची आहे’ हे वाक्य प्रत्येक साइटवर ऐकू येते. मातीचा बहुतांश दाब पहिल्या काही फेऱ्यांतच बसतो, ओल्या मातीत तर पहिल्याच फेरीत. दाबलेल्या मातीत हवेची पोकळी उरत नाही आणि मुळांना श्वास घेता येत नाही. तपासणी सोपी आहे. ओलसर जमिनीत बोटाएवढी जाड लोखंडी सळई अंगाच्या वजनाने दाबा. ३० सेंटीमीटरपर्यंत सरळ गेली तर माती ठीक आहे. दहावरच अडली, दोन-चार ठिकाणी तसेच झाले, तर तिथून वाहन गेले आहे असे समजा.

वर्तुळातून जाण्यावाचून गत्यंतरच नसेल तर जमिनीवर भू-वस्त्र (पाणी झिरपू देणारे जाड कापड) अंथरा, त्यावर लाकडाच्या जाड तुकड्यांचा १५ सेंटीमीटर थर टाका आणि त्यावर एकमेकांना जोडलेल्या जाड फळ्या किंवा लोखंडी प्लेटा ठेवा. हे हलक्या यंत्रांपुरते आहे. क्रेन किंवा भरलेला डम्पर जायचा असेल तर भार सोसणारा तात्पुरता रस्ता अभियंत्याकडून आखून घ्या.

कंत्राटात प्रत्येक राखलेल्या झाडापुढे भरपाईची रक्कम आधीच लिहा. नुकसान झाल्यावर किंमत ठरवू लागलात की झाड ‘तसेही जुनेच होते’ ठरते.

कुंपण काढण्याची वेळ हा खरा कसोटीचा क्षण. इमारत झाली की बागेचा ठेकेदार येतो, जाळी अडचणीची म्हणून काढतो आणि त्याच दिवशी मातीचे ट्रॅक्टर वर्तुळात उलटे करतो. दोन वर्षे सांभाळलेली जमीन अशी एका दुपारी दाबली जाते. जाळी सर्वात शेवटी काढायची आणि वर्तुळातले बागकाम कुदळ-फावड्यानेच करायचे.

४. चर, भराव आणि फरशी

ड्रेनेज, पाणी, वीज, इंटरनेट अशा चार लाइनींसाठी चार दिशांनी चार चर खणले जातात. सगळ्या लाइनी वर्तुळाबाहेरच्या एकाच सामाईक मार्गाने न्या. हे नकाशावर ठरवायला एक बैठक लागते. साइटवर ते ठरवू पाहिले तर कोणी ऐकत नाही. झाडाला खेटून गेलेला चर त्या अंगाची जवळजवळ सगळी मुळे तोडतो. पुढे त्या बाजूच्या फांद्या वाळतात आणि वाऱ्यात झाड विरुद्ध अंगाला कलंडण्याचा धोका उरतो. लाइन वर्तुळातून न्यावीच लागली तर जमिनीखालून आडवे छिद्र पाडून, सुमारे एक मीटर किंवा अधिक खोलीवरून न्या.

हाताने खणताना मूळ लागले तर हा नियम पाळा. २५ मिलिमीटरपेक्षा बारीक मूळ धारदार करवतीने किंवा कात्रीने सरळ कापायचे. त्याहून जाड मूळ राखून पाइप त्याच्या खालून घालायचा, कापायचेच असेल तर वृक्षतज्ज्ञाला विचारून. जेसीबीच्या दातांनी ओढलेले मूळ तुटते तिथेच नव्हे, तर मागे बुंध्यापर्यंत चिरते आणि त्या चिरेतून कूज शिरते. उघडी पडलेली मुळे ओल्या गोणपाटाने झाका आणि शक्यतो त्याच दिवशी माती लोटा. कापलेल्या टोकाला रंग किंवा डांबर फासण्याने फायदा होत नाही.

भरावाचे नुकसान डोळ्याला दिसत नाही, म्हणून ते सर्वाधिक होते. मुळांवर १०–१५ सेंटीमीटर माती चढली तरी अनेक जातींना त्रास होतो, चिकणमाती असेल तर लवकर. त्यावर ठरलेला उपाय म्हणजे बुंध्याभोवती मीटरभर गोल भिंत बांधून आत जुनी पातळी ठेवणे. याने खोडाची साल कुजत नाही, एवढाच फायदा. मुळे भिंतीबाहेर असतात, ती गाडलेलीच राहतात. उलट प्रकार म्हणजे झाडाभोवती ओटा बांधून आत माती भरणे, ज्यात सालही कुजते आणि मुळेही. जोत्याची पातळी वाढणार असेल तर उतार वर्तुळाबाहेरून सुरू करा. पातळी उतरवणेही तितकेच वाईट. २० सेंटीमीटर माती खरवडली म्हणजे तंतुमुळांचा मोठा हिस्सा डम्परमध्ये गेला.

पार्किंग किंवा पायवाट वर्तुळाच्या काठावर येत असेल तर न खणता बांधा. जमिनीवर भू-वस्त्र, त्यावर १५–२० सेंटीमीटर उंचीची प्लास्टिकची कप्पेदार जाळी, कप्प्यांत २० ते ४० मिलिमीटरची धुतलेली खडी आणि वर पाणी झिरपू देणारी फरशी. कप्प्यांत मुरूम किंवा चुरी भरू नका. धुमस मारला की ती दगडासारखी बसते, आणि न खणण्याचा सगळा उद्देश वाया जातो.

बांधकामाच्या काळात राखलेल्या झाडांना कोरड्या दिवसांत सावकाश पाणी द्या. पंधरवड्यातून एकदा पाणी अर्धा मीटर खोल जिरले, तर ते रोजच्या शिडकाव्यापेक्षा जास्त कामाचे. पानांवर सिमेंटची धूळ बसली असेल तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवा.

५. आडोसा कुठे हवा, हे दोरीने ठरवा

आडोसा म्हटले की सगळे सीमाभिंतीकडे पाहतात. पण किती उंच हवा, हे तो कुठे उभा आहे यावर ठरते. पाहणाऱ्याच्या डोळ्यापासून ज्याला झाकायचे त्याच्या डोक्यापर्यंत सरळ रेषा ओढा. आडोसा त्या रेषेच्या वर गेला की काम झाले.

समजा, समोरच्या पहिल्या मजल्यावर उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून ४.६ मीटरवर आहे. तुमच्या अंगणात खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोके १.२ मीटरवर. दोघांत अंतर १२ मीटर, जमीन सपाट. उंचीचा फरक ३.४ मीटर. आता:

खुर्चीपासून २ मीटरवर आडोसा: १.२ + (३.४ × २ ÷ १२), म्हणजे सुमारे १.८ मीटर पुरे.
मधोमध, ६ मीटरवर: २.९ मीटर हवा.
खिडकीजवळ, १० मीटरवर: ४ मीटरहून थोडा जास्त.

म्हणजे बसायच्या जागेशेजारी डोक्याएवढी वेलीची जाफरी उभारली तर पहिल्याच वर्षी भागते. तेच काम सीमेवरच्या रांगेकडून हवे असेल तर अनेक वर्षे थांबावे लागते. समोर तिसरा मजला असेल आणि डोळा १०.६ मीटरवर, तरी २ मीटर अंतरावर सुमारे २.८ मीटर उंची पुरते. अशा वेळी उभ्या झाडांपेक्षा डोक्यावरचा वेलीचा मांडव सोपा.

आकडेमोड नको असेल तर बांबूवर दर अर्ध्या मीटरला रंगाची खूण करा. एकाने खिडकीत उभे राहावे, एकाने खुर्चीत बसावे आणि तिसऱ्याने बांबू पुढे-मागे हलवावा. खिडकीतल्या माणसाला बांबूच्या कोणत्या खुणेशी खुर्चीतले डोके दिसते, तेवढी उंची. घर अजून बांधायचे असेल तर छेद-नकाशावर (घर आणि जमीन उभी कापल्यासारखी दाखवणाऱ्या नकाशावर) पट्टी ठेवून तेच करा. उतारावरच्या जागेत हे केल्याशिवाय एकही रोप मागवू नका, कारण तिथे डोळ्याचा अंदाज हमखास चुकतो.

मातीचा बांध घालून उंची मिळवण्याचा मोह होतो, पण तो जागा खातो. दीड मीटर उंच बांध, वर एक मीटर सपाटी आणि दोन्ही बाजूंना गवत कापता येईल असा एकास तीन उतार (मीटरभर उंचीला तीन मीटर आडवे) धरला तर पायथ्याला १० मीटर रुंदी लागते. लहान प्लॉटवर ते शक्य नाही आणि जुन्या झाडाच्या वर्तुळात तर असा बांध घालायचाच नाही.

दोन सावधगिऱ्या. गाडी रस्त्यावर येते तिथे वळणाच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या वर झुडपे नकोत, चालकाला पायी माणूस दिसला पाहिजे. आणि आवाज अडेल म्हणून पातळ हिरवी रांग लावली तर निराशा होते. दाट झाडीचा पट्टा २०–३० मीटर रुंद असला तरच मोजण्याइतका फरक पडतो. आवाजासाठी भरीव भिंत लागते. वाऱ्याचे मात्र उलट आहे: भरीव भिंतीमागे वारा भोवऱ्यासारखा उतरतो, अर्धवट पोकळ झाडी तो हळू करते.

६. जमीन परत जिवंत करा

कामाच्या सुरुवातीला, राखलेल्या झाडांची वर्तुळे सोडून, वरची १५–२० सेंटीमीटर सुपीक माती वेगळी काढून ठेवा. ढीग दोन मीटरच्या आत ठेवा आणि खालच्या मुरमाशी मिसळू देऊ नका. माती वाफशावर, म्हणजे ना चिकट ओली ना कोरडी असतानाच हलवा. हातात वळून सुतळीएवढी जाड वात होत असेल तर ती अजून ओली आहे, थांबा. ओली माती ढकलली की तिची घडण मोडते आणि वाळल्यावर विटेसारखी होते.

लागवडीच्या पट्ट्यातला राडारोडा उचला, गाडू नका. मग खालचा थर ३० ते ४५ सेंटीमीटर खोल फोडा आणि त्यावर माती पसरा: हिरवळीला १५ सेंटीमीटर, झुडपांना ३० ते ४५, झाडांना ६० ते ९०. न फोडता वर माती पसरली तर दोन थरांच्या मध्ये पाणी साचते. निचऱ्याची परीक्षा घ्या. ६० सेंटीमीटरचा खड्डा एकदा भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि पातळी पाहा. ताशी २.५ सेंटीमीटरपेक्षा हळू उतरत असेल तर आधी निचरा, मग लागवड.

७. रोपे निवडणे आणि लावणे

सदाहरित, खालपासून पाने धरणारी आणि छाटणी सोसणारी जात हवी. उष्ण प्रदेशात कुंती (तिलाच कामिनीही म्हणतात), जास्वंद, मेंदी चालतात. जवळ लिंबूवर्गीय बाग असेल तर कुंती टाळा, सिट्रस सिला ही कीड तिच्यावर पोसते. कन्हेर कणखर, पण सर्वांगाने विषारी, खेळाच्या जागेजवळ नको. अरुंद जागेत खोटा अशोक चालतो. बांबू घ्यायचा तर झुपक्याने वाढणारा. धावत्या मुळांचा बांबू लावायचाच असेल तर ६०–७५ सेंटीमीटर खोल, जाड प्लास्टिकचा अडथळा बसवा आणि त्याची वरची कड मातीच्या पाच सेंटीमीटर वर ठेवा. कड गाडली गेली की कोंब वरून उडी मारतात.

सगळी रांग एका जातीची लावू नका. एक रोग आला की पूर्ण पडदा एकाच हंगामात जातो. तीन-चार जाती गटागटाने मिसळा. दिसायला थोडे विस्कळीत वाटते, पण एखादे झाड गेले तर फट बोचत नाही.

दाट कुंपणासाठी दोन रांगा, रोपे एकाआड एक तिरकी. रांगांत ६०–७५ सेंटीमीटर, रोपांत ९० सेंटीमीटर. तीस मीटर लांबीला साधारण ६८ रोपे होतात, दहा टक्के जास्त मागवा आणि आवाराच्या कोपऱ्यात वाढवत ठेवा. पुढे नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरताना त्याच वयाचे रोप हाताशी असते. उशिरा आणलेले लहान रोप शेजाऱ्यांच्या सावलीत दबून जाते. एकेरी रांगेचे तयार कुंपण १.२ मीटर रुंद होणार असेल तर तिची मध्यरेषा भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर धरा. अर्धी जागा झाडांना, अर्धी छाटणाऱ्या माळ्याला.

चार मीटरचे तयार झाड आणले तर लगेच आडोसा मिळेल असे वाटते. पण मोठ्या झाडाला सावरायला वेळ लागतो. समशीतोष्ण हवामानातला ठोकताळा आहे, खोडाच्या दर २.५ सेंटीमीटर जाडीमागे एक वर्ष. तेवढ्या काळात गुडघ्याएवढे निरोगी रोप बरेचदा त्याला गाठते. मोठी झाडे नेमक्या दृष्टिरेषेत दोन-तीन लावा, बाकी रांग लहान रोपांची.

लावताना:

– खड्डा हुंडीच्या (रोपाच्या मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्याच्या) दुप्पट-तिप्पट रुंद, खोली मात्र हुंडीएवढीच. जास्त खणून परत भरलेली माती खाली बसते आणि झाड बुडते.
– पिशवी, तार, प्लास्टिकची दोरी पूर्ण काढा. मुळे गोल गुंडाळली असतील तर हुंडीला तीन-चार उभ्या चिरा द्या. तसेच लावले तर काही वर्षांनी तीच मुळे खोडाला फास लावतात.
– खोड जिथे मुळांकडे रुंदावते तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे.
– काढलेलीच माती परत भरा. चिकणमातीच्या खड्ड्यात नुसते शेणखत आणि रेती भरली तर खड्डा पाण्याची कुंडी होतो.
– पालापाचोळ्याचे आच्छादन सात-आठ सेंटीमीटर, खोडापासून दहा सेंटीमीटर दूर.
– आधाराच्या काठ्या खोडाच्या खालच्या एक तृतीयांशात बांधा आणि पट्टा सैल ठेवा. खोड जरा हलले तरच जाड होते. बारा ते अठरा महिन्यांत काठ्या काढा. विसरलेला पट्टा सालीत रुततो.

८. पहिली तीन वर्षे

बिल्डर गेलेला असतो आणि रहिवाशांची समिती अजून बसलेली नसते, अशा सहा-आठ महिन्यांत सर्वाधिक रोपे मरतात. म्हणून देखभाल लागवडीच्या कंत्राटातच, किमान दोन वर्षांची घ्या आणि मेलेले रोप पुढच्याच हंगामात बदलून देण्याची अट घाला. तीन-चार सेंटीमीटर खोडाच्या झाडाला कोरड्या दिवसांत आठवड्याला ४० ते ६० लिटर पाणी दोन-तीन हप्त्यांत द्या, आणि सुरुवातीला नेमके हुंडीवर. बाजूची माती ओली आणि हुंडी कोरडी, हा नेहमीचा घोटाळा. दुसऱ्या वर्षी ठिबकचे तोंड बाहेर सरकवा, म्हणजे मुळे बाहेर येतील.

कुंपणाची रोपे पहिल्या वर्षी एक तृतीयांश छाटा, जड जाते तरी छाटा, म्हणजे खालून फुटवे येतात. हवी ती उंची गाठेपर्यंत छाटायचे नाही, असे ठरवले तर खाली नुसत्या काठ्या उरतात. पुढेही पायथा रुंद आणि माथा निमुळता ठेवा. वर रुंद झाले की खालच्या पानांना ऊन मिळत नाही, आणि गुडघ्याएवढ्या उंचीवरून पलीकडचे सगळे दिसू लागते.

झाडांचा मूळ तक्ता आणि लाइनींचा नकाशा रहिवाशांच्या स्वाधीन करा. त्यावरून वर्षातून एकदा राखलेल्या झाडांचे शेंडे पाहायचे. पाने लहान आणि विरळ झाली, टोकाच्या काटक्या वाळल्या, तर शेंडा कापून टाकू नका आणि नत्राचे खतही ओतू नका. शक्य तितकी फरशी उखडा आणि दाबलेली माती हवेच्या दाबाने मोकळी करणारे यंत्र मिळत असेल तर ते वापरा. नसेल तर मोठी मुळे चुकवून पहारीने अर्ध्या-पाऊण मीटरवर भोके पाडा, त्यात कुजलेले खत आणि जाड रेती भरा. वर आठ सेंटीमीटर पालापाचोळा पसरून कोरड्या दिवसांत सावकाश पाणी द्या. फरक दिसायला दोन-तीन हंगाम लागतात. वाळलेल्या फांद्या तेवढ्या उतरवून घ्या, खालून लोक जातात.